चावी काढल्यानंतरचा ठसका

१२ फेब्रुवारी

वन्सं,

पत्राला उशीर झाला म्हणून आधी कान पकडते, मग पुढचं. तुमच्या दादांना कितीदा म्हटलं, बहिणीला दोन ओळी लिहा. हे म्हणतात, "तूच लिही, मी खाली सही करतो." सही करायलाही हात काळे असतात, तेव्हा तीही मीच केली असं समजा.

बातमी काही चांगली नाही. बाबांची टॅक्सी धूर तपासणीत नापास झाली. तपासणीवाल्याने मागे नळी लावली, काट्याकडे बघितलं आणि म्हणाला, "टॅक्सी आहे की वीटभट्टी?" चारचौघांत बोलला, ह्यांना फार लागलं. महिनाभराची मुदत दिलीय. पुन्हा नापास झाली तर परवाना जमा. परवाना गेला तर हे काय करणार, सांगा. ह्यांना दुसरं काही येत नाही, आणि येत असतं तरी बाबांची गाडी सोडून हे कुठे गेले नसते.

मिस्त्री म्हणतो, आत कार्बन माजलाय. चढाला लागली की डब्यात खिळे हलवल्यासारखी खणखणते. आणि तो ठसका तर तुम्ही लहानपणापासून ऐकलाय. चावी काढून हे खाली उतरले, दारही लावलं, तरी हिचं आपलं खुक्... खुक्... खुर्रर्र. गल्लीतली पोरं हिला ‘दमेकरी’ म्हणतात. परवा समोरच्याने खिडकीतून खोकल्याच्या औषधाची बाटलीच दाखवली! हे वरवर हसले.

इंजिन उघडायचं तर गाडी पंधरा दिवस मिस्त्रीकडे पडून राहणार. ते शक्य नाही. गाडी रोज संध्याकाळी घरी यायलाच हवी. म्हणून विचारते, तुमच्या कारखान्यात ते पेट्रोलमध्ये ओतायचं औषध भरतात ना? ते खरंच कार्बन काढतं, की नुसतं बाटलीवर लिहिलेलं असतं?

आई बऱ्या आहेत. डोळ्यांना उजेड-अंधार एवढंच कळतं, पण कान असे की शेजारणीने चमचा पाडला तरी सांगतील कुठला पडला. आठवण येते-जाते. संध्याकाळी मात्र पोटभर जेवतात. काळजी करू नका.

तुमची वहिनी

---

२१ फेब्रुवारी

वहिनी,

"नुसतं बाटलीवर लिहिलेलं" म्हणजे काय गं? दिवसभर उभं राहून मी काय साखरेचं पाणी भरते? दादाला सांग, बहिणीच्या पोटावर पाय देऊ नकोस.

ऐक. दूध करपलं की पातेल्याच्या बुडाला जे धरतं ना, तसाच कार्बन पिस्टनच्या डोक्यावर आणि व्हॉल्व्हच्या मागे धरतो. तुझ्या पातेल्याला तू घासणी लावतेस, इंजिनात हात कसा घालणार? म्हणून हे औषध. पेट्रोलबरोबर आत जातं, त्या थराला ढिला करतं आणि धुरातून बाहेर काढतं. आमच्याकडून तुमच्या बाजूला जाणारा एक लॉरीवाला आहे, त्याच्याकडे दोन बाटल्या देतेय. टाकी अगदी तळाला आली की एक पूर्ण बाटली ओतायची, वर टाकी भरायची, आणि मग गाडी गल्लीबोळात न फिरवता लांब मोकळ्या रस्त्यावर चांगली पळवायची. सुरुवातीला काळा धूर ओकेल, घाबरायचं नाही. दुसरी बाटली राहू दे, पुढेमागे लागेल.

आणि दादाला आनंदाची बातमी दे. तो ठसकाही जाणार. चावी काढल्यावर ठिणगी बंद होते, पण आतला कार्बन निखाऱ्यासारखा लाल असतो, त्याच्यावरच पेट्रोल पेटत राहतं. निखारा गेला की ठसका गेला. पोरांना म्हणावं, आता दुसरं कुणीतरी शोधा चिडवायला.

एक विचारू? तुझ्या पत्रात आईचं जेवण असतं, कान असतात, पण ती बाबांचं नाव काढते का, ते कधीच नसतं. बाबा गेले तेव्हा ती रडली नव्हती. मला तेव्हा राग आला होता, आता वाटतं, बाई किती धीराची. मला ते जमलं नसतं.

रजा मागितली आहे. नवं मशीन बसवताहेत, त्यामुळे साहेब आज-उद्या करतोय. पुढच्या महिन्यात येतेच.

तुझी नणंद

---

११ मार्च

वन्सं,

पास! पास! तुमच्या तोंडात साखर पडो.

कागदाचं नरसाळं केलं, ह्यांनी ते धरलं, मी औषध ओतलं. अर्धा थेंबही सांडू दिला नाही, मला म्हणतात, "हळू, बहिणीची मेहनत आहे." मग गावाबाहेरच्या रस्त्याला नेली. म्हणे, असा काळा धूर निघाला की मागचा सायकलवाला शिव्या देत उतरला. परत येईपर्यंत गाडी लोण्यासारखी चालायला लागली होती. खणखण नाही, झटके नाहीत. तपासणीवाल्याने काटा दोनदा ठोकून बघितला. म्हणाला, "दुसऱ्या गाडीला पाटी लावून आणली नाही ना?" ह्यांची छाती अशी फुगली होती की विचारू नका. दुसरी बाटली मी कपाटावर ठेवली आहे.

ठसकाही गेला. तुम्ही म्हणालात तसाच. चावी काढली की गाडी गप्प.

बाकी ठीक. आईंचं जेवण जरा कमी झालंय. हवा बदलली म्हणून असेल.

वन्सं, एक विचारायचं होतं, हसू नका. हा कार्बन परत बसायला किती दिवस लागतात? म्हणजे आपण मुद्दाम बसवायचा म्हटलं तर? लवकर कळवा.

तुमची वहिनी

---

१९ मार्च

वहिनी,

हसू नको म्हणालीस, पण तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं आणि आख्खं टेबल हसलं. कपडे धुऊन झाल्यावर मळ परत कधी बसेल असं विचारणारी तू पहिलीच! आमच्या सुपरवायझरबाई म्हणाल्या, "ह्या ग्राहकाला काही विकता येणार नाही."

अगं, इतक्या वर्षांचा थर तो. बाबांनी कितीतरी वर्षं भेसळीचं पेट्रोल घालून, थांबत-थांबत, गल्लोगल्ली गाडी चालवली, तेव्हा तो जमला. तो असा मागून मिळत नाही. तुम्हाला परत कार्बनची भीती वाटत असेल तर आणखी दोन बाटल्या पाठवते, बिनधास्त राहा.

आईला भूक लागायचं औषध दे. आणि तिला सांग, मी येतेय. रजेचं मात्र अजून नक्की नाही. मशीन बसलं, ते चालेना, आता ते दुरुस्त करणारा यायचा आहे.

दादाला म्हणावं, बहिणीची मिठाई उधार आहे.

तुझी नणंद

---

३० मार्च

वन्सं,

बाटल्या पाठवू नका.

तुम्ही हसलात ते बरोबरच आहे, मी लिहिलंच तसं. आता सगळं लिहिते. वाचून झालं की मला काय बोलायचं ते बोला.

आईंच्या लेखी बाबा गेलेले नाहीत. थंडी सुरू झाली तेव्हापासून. त्या आधी काही दिवस त्या संध्याकाळी ताटाला हातच लावत नव्हत्या. "ते आल्याशिवाय नको," म्हणायच्या. आम्हाला वाटायचं, ते म्हणजे तुमचे दादा, पण दादा समोर बसले तरी नाहीच. एका संध्याकाळी मी माजघराच्या दारात उभी होते. गाडी अंगणात आली, ह्यांनी चावी काढली, ठसका झाला, आणि आई उठून बसल्या. म्हणाल्या, "आले गं. ताटं घे." मी विचारलं, कोण आले? "कोण म्हणजे? तुझा सासरा. दुसऱ्या कुणाची गाडी अशी खोकते?"

ह्यांनी दारातून ऐकलं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात ह्यांनी मान हलवली. नको. आणि वन्सं, आई पाटावर बसल्या आणि भरपूर जेवल्या. मी म्हटलं, बाबा हातपाय धुताहेत, तुम्ही सुरू करा. हात धुऊन होईस्तोवर त्या सगळं विसरल्या होत्या. त्या दिवसापासून रोज तेच. ठसका, "आले गं", आणि जेवण. दिवसभर चहावर असायच्या, पण ते एक जेवण ठरलेलं. म्हणून लिहिलं होतं, गाडी रोज घरी यायला हवी.

तुमच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, ठसका जाईल. मी ते मोठ्याने वाचलं. हे म्हणाले, "सुटलो एकदाचा!" आम्हाला वाटत होतं, आई गाडीच्या सगळ्या आवाजांवरून ओळखतात. हॉर्न आहे, दार आहे, फाटकाशी वळताना टायर कुरकुरतो. त्या शेवटच्या खुक् खुक् वर त्यांचं सगळं टांगलंय हे आमच्या डोक्यातच आलं नाही. इतकी साधी गोष्ट. दोघंही आपले खुशीत.

आता गाडी येते आणि गप्प उभी राहते. आई म्हणतात, "कुणाची तरी गाडी आली वाटतं." आणि दाराकडे तोंड करून बसून राहतात.

काय काय नाही केलं! हे दारात येऊन बाबांसारखे खाकरले. आई म्हणाल्या, "बाळा, तुला पडसं झालंय का?" मिस्त्रीने ठिणगीचं टायमिंग हलवलं, कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून इंजिन चावी काढेपर्यंत जोरात ठेवलं, वरून भेसळीचं पेट्रोल घातलं. एकदा ठसका आलाही. मी धावत आत गेले. आई कान देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "ही आपली नाही. आपली दोनदा थांबून खोकते." दुसऱ्या एका जुन्या टॅक्सीवाल्याला विनवण्या करून त्याची गाडी अंगणात आणली. तीही आपली नाही.

चार घोट दूध-साखर, तेही जबरदस्तीने. हाताची हाडं वर आलीत. तुम्हाला हे आधीच कळवायला हवं होतं, पण कसं लिहू? तुमच्या बाबांच्या नावाने आम्ही रोज खोटं बोलतो, असं लिहू?

तुमची वहिनी

---

६ एप्रिल

वहिनी,

मी त्या घराची मुलगी आहे की नाही? की लग्न झालं म्हणजे परकी झाले? इतके महिने तुम्ही दोघांनी माझ्यापासून हे लपवलंत. मी इथे बसून आईच्या धीराचं कौतुक करतेय, आणि ती तिथे मेलेल्या माणसाची वाट बघत जेवतेय! आणि वर माझ्याच हातून तो ठसका घालवलात. एक ओळ लिहिली असतीस तर मी त्या बाटल्या नाल्यात ओतल्या असत्या.

खोट्यावर माणूस किती दिवस जेवणार? कधीतरी हे होणारच होतं. आता तरी खरं सांगा. सोबत एक कागद ठेवलाय, तिच्यासाठी. तो वाचून दाखव, माझ्या नावाने. ‘आई, बाबा आता येणार नाहीत, ते आपल्यातून गेले, तू त्यांच्या उशाशी होतीस, तू जेव’ एवढंच आहे त्यात. ती रडेल. रडू दे. तेव्हा रडली नव्हती ना, तेच साचलंय. एकदा निघून गेलं की मोकळी होईल आणि जेवेल. मला माझी आई माहीत आहे.

दादाचा मऊपणा मध्ये येऊ देऊ नकोस.

नणंद

---

१५ एप्रिल

वन्सं,

वाचून दाखवलं.

आईंनी कागद हातात घेऊन चाचपला. मग म्हणाल्या, "कधी गेले?" मी सांगितलं. "मला कुणी बोलावलं नाही?" मी म्हटलं, तुम्ही तिथेच होतात. तेव्हा ज्या रडल्या, वन्सं, मी माणसाला असं रडताना पाहिलं नाही. शेजारणी धावत आल्या. हे अंगणात गाडीला टेकून उभे राहिले, आत आलेच नाहीत. दुपारी आई थकून झोपल्या. उठल्या, चहा घेतला, आणि विचारलं, "आज उशीर झाला का गं ह्यांना?"

मला वाटलं, एकदा सांगून भागलं नसेल. तुमचा कागद दुसऱ्या दिवशी परत वाचला. परत तसंच. "कधी गेले? मला कुणी बोलावलं नाही?" तिसऱ्यांदा मी कागद हातात घेतला तेव्हा ह्यांनी तो काढून घेतला. इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. म्हणाले, "माझ्या आईला रोज विधवा करू नकोस."

कागद ह्यांच्या खिशात आहे. फाडलेला नाही, तुमचं अक्षर आहे म्हणून.

तुमच्यावर राग नाही. तुम्हाला वाटलं ते तुम्ही सांगितलं, मला पटलं म्हणून मी केलं. आता आई दुधालाही तोंड मिटून घेतात. "सगळ्यांचं एकदमच होऊ दे," म्हणतात. डॉक्टर बघून गेले. सलाईनची बाटली लावू म्हणाले, पण शीर सापडेना.

जमलं तर या. मशीन चालू झालं नसलं तरी या.

तुमची वहिनी

---

२२ एप्रिल

वहिनी,

मला माझी आई माहीत आहे असं लिहिलं होतं ना मी? जोड्याने मारायला हवं मला.

तुझं पत्र घेऊन मी सरळ इंजिनांच्या खोलीत गेले. तिथे एक म्हातारे मिस्त्री आहेत, सगळे त्यांना धूरकाका म्हणतात. औषध तपासायचं तर आधी घाण इंजिन हवं ना, म्हणून ते इंजिनं मुद्दाम घाण करतात. त्यासाठी वेगळं पेट्रोल येतं, त्यात काय काय मिसळलेलं असतं. लवकर कार्बन धरतो. मी विचारलं, "काका, माझ्या बाबांच्या गाडीचा ठसका परत येईल?" त्यांनी चिंधीला हात पुसले. मग म्हणाले, "कार्बन येईल. ठसका तोच येईल की नाही, ते इंजिनाला विचार." आणि एक कॅन भरून दिला. असं बाहेर द्यायची परवानगी नाही. पकडले तर म्हातारपणी नोकरी जाईल. तरी दिला.

मी येतेय. रजा मिळो न मिळो. शनिवारी निघते, सोमवारी पोचेन. कॅन रुमालात गुंडाळून मांडीवर घेईन, रेल्वेच्या डब्यात वास सुटला तर सुटला.

आम्ही अभ्यासाला बसलेलो असायचो ना, तेव्हा तो ठसका झाला की मी पुस्तक टाकून पळायची. बाबा काच खाली करून म्हणायचे, "मी काही बोलायचीच गरज नाही, हीच सांगते, आलो म्हणून." मी ते विसरलेच होते गं. आणि वर मीच तुला समजावून सांगितलं, निखारा गेला की ठसका गेला.

आईला चमच्याने पाणी तरी पाज. सोमवारपर्यंत सांभाळ. तिला सांग... नको, काही सांगू नकोस.

नणंद

---

९ जून

वन्सं,

तुम्ही गेल्यावर पत्र लिहायचं रोज ठरवते आणि रोज पेन खाली ठेवते.

तुम्ही आलात तेव्हा आईंना नेऊन झालं होतं. तुम्ही उंबऱ्यात कॅन घेऊन उभ्या होतात, आणि मला तेव्हा तुमच्या हातातून तो घ्यायचंही सुचलं नाही. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. तुम्ही विचारलंत, शेवटी काही बोलल्या का? मी नाही म्हटलं. बोलल्या होत्या. म्हणाल्या, "दार लोटू नकोस." एवढंच. तेव्हा सांगवलं नाही, आज लिहिते.

तो कॅन तुम्ही अंगणात सोडून गेलात. मी म्हटलं, फेकून द्या. ह्यांनी ऐकलं नाही. मला न सांगता टाकीत थोडं थोडं घालत राहिले. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "त्या काकांनी नोकरी पणाला लावून दिलंय, वाया कसं घालवू?" माणसाला काहीतरी करत राहावं लागतं.

परवा संध्याकाळी मी ताटं पुसत होते. गाडी आली, चावी काढली, दार लागलं. आणि मग, खुक्. थांबून खुक्. आणि खुर्रर्र. अगदी तस्संच, वन्सं. दोनदा थांबून. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, आले." आणि मी खाटेकडे वळलेसुद्धा.

खाट आपण भिंतीला उभी करून ठेवली आहे.

हे बाहेर गाडीत परत जाऊन बसले होते. स्टिअरिंगच्या चाकावर दोन्ही हात, डोकं हातांवर. किती वेळ बसले ते मी मोजलं नाही. आता रोज संध्याकाळी तो ठसका होतो. हे म्हणतात, गाडी कोपऱ्यावर लावून ढकलत आणू का? वेड्यासारखं काहीतरी. धूर तपासणीही पुन्हा येईल, तिथे नापासच होणार, पण ते ह्यांच्या लक्षातही नाही. दुसरी बाटली कपाटावर तशीच आहे. हे जेवताना तिच्याकडे बघतात. मीही बघते.

तुमची वहिनी

---

१६ जून

वहिनी,

ओतू नका. दादाला हात जोडून सांग, ती बाटली ओतू नको.

मी रविवारी येते. ह्या वेळी साहेबाला विचारलंही नाही, सांगितलं. मला एकदा ऐकायचंय. गेल्या खेपेला आले तेव्हा गाडी फाटकाशी उभी होती आणि कुणी तिला हात लावत नव्हतं. मला दोघांचाही निरोप घेता आला नाही गं, ना बाबांचा ना आईचा. मला फक्त आतल्या खोलीत बसायचंय, जिथे आई बसायची तिथे. दादा गाडी घेऊन बाहेरून येईल, अंगणात थांबेल, चावी काढेल. बस्स. एकदा ऐकलं की मी स्वतः ओतेन, माझ्या हातांनी, नरसाळंही मीच धरेन.

रविवारपर्यंत थांबा. एवढं एक ऐका माझं.

तुझी नणंद

---

२४ जून

वन्सं,

तुम्ही आलात की तोंडावर सांगायला धीर होणार नाही असं वाटलं होतं, आणि तुम्ही रविवारी आला नाहीत, तेव्हा मला हायसं वाटलं, खरं सांगते. मग काल तार मिळाली, की जिने उतरताना तुमचा पाय मुरगळला आणि तुम्ही ह्या रविवारी येताय. म्हणून घाईने लिहिते, हे पत्र तुम्ही निघायच्या आधी पोचायला हवं.

तुमचं पत्र गुरुवारी आलं. ह्यांनी बाटली त्याच्या आधीच्या शनिवारीच ओतली होती. सकाळी मी पाणी भरायला गेले होते. परत आले तर कपाटावर बाटली नाही. हे संध्याकाळी उशिरा आले. लांबच्या रस्त्याला जाऊन आले होते, तुम्ही शिकवलं होतं तसं. बूट धुराने काळे झाले होते. मला म्हणाले, "मला रोज आईला परत एकदा उपाशी ठेवल्यासारखं वाटायचं." मी तुमचं पत्र वाचून दाखवलं, तसे हे उठले. अंगणात जाऊन चावी फिरवली, काढली. परत फिरवली, परत काढली. शेजारी बघत होते. शेवटी मी जाऊन चावी घेतली.

तो कॅन रिकामा आहे. धूरकाकांना आणखी मागू नका. त्यांना त्रास होईल, आणि झालं तरी किती वेळा करायचं हे?

तुम्ही या. ऐकायला काही नाही, पण या. दादा तुमच्याशी बोलतील, माझ्याशी फारसं बोलत नाहीत. रागाने नाही, सुचत नाही त्यांना.

पुढच्या तपासणीला गाडी पास होईल. मिस्त्री म्हणतो, आता आणखी वीस वर्षं बघायला नको. गल्लीतल्या पोरांनी दमेकरी म्हणणं सोडलंय. ताटं वाढायला मला रोज उशीर होतो, कारण आतून काही कळत नाही. म्हणून संध्याकाळी मी दारातच उभी राहते. गाडी येते, गप्प उभी राहते. हे उतरून पायरीवर आले, की मग कळतं, आले.

तुमची वहिनी